बारा मीटर, नऊ मीटर आणि छत्तीस कंबर

11 नोव्हेंबर 2024, सोमवार
डोकं फिरलंय. दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे आणि स्वरदा निघूनही गेली. एकुलती एक पोट्टी. इंजिनियरची नोकरी सोडून रामेश्वरमजवळ समुद्रावर लोकांना काइटसर्फिंग शिकवून राहिली. म्हणजे कमरेला खोलीएवढा पतंग बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा ओढेल तिकडे पाण्यावरून जायचं. याच्यासाठी मी सायकलवर पँटी विकत विकत रायपूरच्या पंडरी बाजारात दुकान उभं केलं?

म्हटलं, परत ये, गल्ल्यावर बस, सगळं तुझंच आहे. तर म्हणते, आप एक बार बोर्ड पे खड़े होके दिखा दो बाबा, मैं पंडरी आके बैठ जाऊँगी. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. इरावतीसमोर म्हणाली. तिची आईच साक्षीदार आहे.

दाखवतो. जानेवारीत जायचं, उभं राहायचं, पोरीला घेऊन यायचं. विषय संपला.

14 नोव्हेंबर, गुरुवार
स्वरदाला फोन केला. म्हणाली, एका काइटनं भागत नाही, दोन लागतात. वारा मंद असला की मोठा, जोरात असला की लहान. दोघांच्या कापडात तीनेक चौरस मीटरचा फरक ठेवायचा, म्हणजे बहुतेक दिवस निभतात. म्हणे तिच्या काइटसर्फिंग स्कूलचे आहेत, तेच वापरा. नाही वापरणार! उद्या म्हणेल, स्कूलचा काइट होता म्हणून जमलं. स्वतःचे घेणार.

मग विचारते, वज़न कितना है? सच बोलना, साइज़ उसी पे है. बापाशी बोलायची ही पद्धत झाली? अठ्ठ्याहत्तर सांगितलं. रक्तदान शिबिरात मोजलं होतं, डॉक्टरसमोर. कोणतं शिबिर ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. स्वरदा दहावीत होती तेव्हा.

मग म्हणाली, ठीक है, बारह और नौ.

बारा आणि नऊ. काय कठीण आहे याच्यात? लोक उगाच बाऊ करतात.

16 नोव्हेंबर, शनिवार
इरावती म्हणाली, समता कॉलनीतल्या केमिस्टकडं काटा आहे, एकदा उभे तर राहा. राहिलो. सत्त्याण्णव. बूट होते, मोबाइल होता, किल्ल्यांचा जुडगा होता. शिवाय काटा दुकानाच्या पायरीवर, तिरपा. केमिस्टला म्हटलं, काटा दुरुस्त करून घे. म्हणे, भैया, कल ही कराया है. हे असे लोक व्यापार करतात.

सोमवारपासून सकाळचे पोहे बंद. जलेबी तर बंदच.

18 नोव्हेंबर, सोमवार
मारोती पोहे घेऊन आला होता. बावीस वर्षं दुकानात आहे, त्याचं मन मोडता येत नाही. जलेबी त्यानं विचारून आणली नव्हती, म्हणून ती धरायची नाही.

आज बीरगांवचं एक गिऱ्हाईक आलं. कंबर विचारली, म्हणाला चौतीस. मी तिकडं बघितलंही नाही. कान पुरे आहेत. नंबर सांगताना माणूस श्वास रोखतो. पोट आत, आवाज वर. श्वास रोखला की समजावं, नंबर दोन-तीन इंच पुढं आहे. म्हणून तर आपल्या पँटींना मी पहिल्या दिवसापासून तसंच लेबल लावतो. आत सदतीस, वर चौतीस. गिऱ्हाईक आरशात बघतं, खूश होतं, पुढच्या वेळी शेजारचं दुकान ओलांडून आपल्याकडं येतं. कोणाला दुखवलं नाही, कोणाचं नुकसान नाही. याला धंदा म्हणतात. इंजिनियरिंगमध्ये शिकवत नाहीत.

मी स्वतः आपलीच पँट वापरतो. छत्तीस. कितीतरी वर्षांपासून छत्तीस. केमिस्टच्या काट्याला हे कोण सांगणार?

28 नोव्हेंबर, गुरुवार
गोव्यात श्यामकांत नावाचा एक जण जुने काइट विकतो. फोन लावला. म्हटलं, बारा आणि नऊ, चांगल्या हालतीतले. लगेच विचारतो, साहेब, वजन किती? अठ्ठ्याहत्तर म्हटलं. म्हणतो, साहेब, राग मानू नका, तुमचा आवाज ऐकून विचारतो, नक्की ना? नव्वदच्या पुढं असाल तर बारा ओढणार नाही, नुसता वर फडफडत राहील. तुम्हाला चौदा आणि अकरा लागेल.

आवाज ऐकून! माझ्यापुढं ही कला दाखवून राहिला! मी सरळ ओळखलं, चौदाचा माल पडून असेल, कोणी घेत नसेल, म्हणून माझ्या गळ्यात मारतोय. मीसुद्धा हिवाळा संपताना असेच कोट खपवतो. म्हटलं, भाऊ, पंडरीत अख्खी जवानी गेली आहे, मले नको शिकवू. बारा आणि नऊ.

म्हणाला, जशी तुमची मर्जी. हार्नेस कोणता? हार्नेस म्हणजे कमरेचा जाड पट्टा, त्याच्या हुकाला काइट अडकतो. म्हटलं, छत्तीस कंबर. तिथं तरी त्यानं हुज्जत घातली नाही.

8 डिसेंबर, रविवार
पार्सल आलं. कॉलनीच्या मैदानात बारा मीटरवाला उलगडला, पंपानं पुढची नळी फुगवली. हवा शून्य. रायपूरच्या हवेचा कसलाच भरवसा नाही, पाहिजे तेव्हा पानही हलत नाही. निळं-केशरी कापड मैदानभर पसरलेलं. बायका यायला लागल्या. भैया, किसके यहाँ शादी है? एक म्हातारी म्हणाली, पंडाल छोटा है, बारात कहाँ बैठेगी? हव, छोटा है, म्हणून दुसरीनं मान हलवली.

छोटा! तिलाही श्यामकांतनंच पाठवलं असणार.

हार्नेस घालून बघायचा होता, पण लोक होते. राहू दिला.

22 डिसेंबर, रविवार
इरावतीनं घोटाळा करून ठेवला. महिला मंडळात सांगितलं, आम्ही रामेश्वरमला चाललो. काहून चाललो ते सांगायची लाज वाटली म्हणे. आता अर्धी कॉलनी गंगाजल आणून देऊन राहिली. कोणाचा तांब्या, कोणाची बाटली, आमच्या नावानं महादेवाला वाहा म्हणून. मी काइट, पंप, फळी नेऊ का दुसऱ्यांचं पाणी? ओरडलो. ती म्हणाली, तुम्ही पाण्यात पडणारच आहा, कोणीतरी देवाजवळ उभं असलेलं बरं.

काही लोकांशी बोलण्यात अर्थ नसतो.

वजन: मोजलं नाही. पण हलकं वाटतं.

12 जानेवारी 2025, रविवार
उद्याची गाडी. स्वरदानं फोन केला, बाबा, अभी भी टाइम है, वज़न एक बार चेक कर लो, कुछ नहीं कहूँगी मैं. आवाजात काळजी होती. मी ओळखलं. घाबरली आहे. मी उभा राहिलो तर तिला पंडरीत बसावं लागणार. म्हटलं, खोली आवरून ठेवलीय तुझी, पडदे नवे लावले.

पडदे मीच निवडले. निळे. तिला समुद्र आठवू नये म्हणून आधी हिरवे घेत होतो. मग निळेच घेतले. दुकानात दुसरे चांगले नव्हते.

19 जानेवारी, रविवार. समुद्र
पोचलो. इरावतीनं बाटल्या देवळात रिकाम्या केल्या, दोन दिवस त्यातच गेले.

मग तीन दिवस दोन मीटरचा छोटा काइट वाळूत उडवायला दिला. दोन! माझ्या बाजूला मदुरैची आठवीतली मुलं. मी विचारलं, माझा बारा कधी? ती पोरं हसली. भाषा कळली नसणार, पण हसू कळतं.

स्वरदा काळी झाली आहे. बारीक दिसते. खांद्यात मात्र ताकद आलीय. तिला सगळे दीदी म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे लोकसुद्धा. एक जाड जर्मन माणूस तिच्यासमोर हात बांधून उभा होता आणि ती त्याला झापत होती. अगदी माझ्यासारखी. गल्ल्यावर किती शोभली असती!

20 जानेवारी, सोमवार
आजचा दिवस लिहायचा नाही असं ठरवलं होतं.

हार्नेस बसेना. मी लावतोय, बकल पोचत नाही. म्हटलं, समुद्राच्या हवेनं आकसला. स्वरदा आली, दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. मी सरळ उभा होतो. ती एकदम थांबली आणि हळू म्हणाली, बाबा, साँस छोड़ो.

मी म्हटलं, सोडलेलाच आहे.

ती म्हणाली, बचपन में आपके ही काउंटर के नीचे बैठती थी मैं. मुझे सुनाई देता है.

मग मागं जाऊन माझ्या पँटीचं लेबल उलटं करून बघितलं. बापाचं! भर किनाऱ्यावर! आणि हसायला लागली. म्हणाली, मम्मी, ये तो अपना वाला छत्तीस है! इरावती छत्रीखाली बसली होती. ती इतकी हसली की शेवटी पदरानं डोळे पुसले. घरात दोन बायका एका बाजूला झाल्या की माणसानं पंडरीत जाऊन बसावं, पण पंडरी दीड हजार किलोमीटरवर.

स्कूलचा हार्नेस आणला. एक्सएल लिहिलेलं होतं. त्या कंपनीचे नंबर मुळातच लहान येतात.

22 जानेवारी, बुधवार
पाण्यात. वारा स्वरदाच्या मते चौदा नॉट, म्हणजे ताशी सव्वीसेक किलोमीटर, मंदाच्या थोडा वर. तिनं सांगितलं, बारा मीटरवर सत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस या वाऱ्यात आरामात उभा राहतो. म्हणजे मी.

काइट वर गेला. सुंदर गेला. पाय फळीत. ओढला. मी निघालो, खरंच निघालो, गुडघ्यापर्यंत पाण्याबाहेर आलो, आणि मग काइटनं विचार बदलला. बसलो. पुन्हा. बसलो. नाकातोंडात रामेश्वरम. आठवीतली मुलं नऊ मीटरवर सर्रकन बाजूनं गेली आणि एकानं हात हलवला.

वारा खराब होता. एकसारखा नव्हता. फळीही बहुतेक उलटी.

24 जानेवारी, शुक्रवार
शेवटचा दिवस. वारा तोच. वीसदा तरी बसलो. समुद्रात बसायला मले रायपूरहून यायची गरज नव्हती.

स्वरदा कमरेएवढ्या पाण्यात माझ्याजवळ आली. तिच्या मागं किनाऱ्यावर स्कूलचा चौदा फुगवून ठेवलेला होता. लाल. तिनंच फुगवला होता, सकाळी, मी पाहिलं. म्हणाली, बाबा, चौदह ले लो. उस पे खड़े हो जाओगे आप, पक्का. बस मुझे वज़न बोल दो. मैं अंदाज़े से बड़ी काइट किसी को नहीं देती. बड़ी काइट उठा के पटक देती है.

उभा राहिलो असतो. ती पंडरीत आली असती. तिनं शब्द दिला होता आणि शब्दाला ती माझ्यासारखी पक्की आहे. आणि तरी स्वतःच्या हातानं चौदा फुगवून आणला. हा काय मूर्खपणा? समोरच्या पार्टीला आपणच जिंकवून देतं का कोणी? धंदा करता येणार नाही हिला कधी. गल्ल्यावर बसवलं तर महिन्याभरात दुकान बसवेल.

मी मोठ्यानं म्हटलं, अठ्ठ्याहत्तर.

किनाऱ्यापर्यंत ऐकू गेलं असावं. इरावतीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. स्वरदानं माझ्या हुकातून बारा सोडवला, आपल्या हुकात अडकवला आणि गेली. मंद वारा होता, तरी अशी गेली की मागं पाण्यावर पांढरी रेघ उमटली. पार लांब. परत येईपर्यंत मी उभाच होतो. वाळूत.

तिच्यावर इतका राग मले आयुष्यात आला नव्हता. डोळ्यांत खारं पाणी गेलं होतं, त्यानं अजून चिडचिड.

3 फेब्रुवारी, सोमवार. रायपूर
दुकान उघडलं. प्रवासात पँटी घट्ट झाल्या, तिकडचं धुणं गरम पाण्यात असतं. मारोतीला म्हटलं, नव्या लॉटला छत्तीसचं लेबल एक इंच मोठ्या मापावर घे. म्हणाला, शेठ, मागच्या साली घेतलं होतं. म्हटलं, मग पुन्हा घे, काहून वाद घालून राहिला?

सोमवारपासून पोहे बंद. आजचा सोमवार धरायचा नाही, दुकान उघडायचा दिवस आहे.

संध्याकाळी स्वरदाचा फोन. काइट दोन्ही तिच्याकडेच ठेवून आलो होतो, ट्रेनमध्ये सामान फार होतं. म्हणाली, बाबा, मस्त हैं दोनों. नौ तो रोज़ चलता है, बारह कम हवा में. बिलकुल मेरे साइज़ के हैं.

मी म्हटलं, तुझ्याच मापाचे घेतले होते. मले काय करायचे?

हे कान कोणाचे आहेत? पलीकडं तिनं श्वास रोखला होता.

नेटवर्क असेल. समुद्राकडं नेटवर्क भिकार असतं.