उजवा रकाना

२ जानेवारी
शेवटचं वर्ष. चार वर्षांत पदवी आणि बी.एड., दोन्ही एकदम. ताईने आधी साधी पदवी केली, मग बी.एड. एकूण पाच वर्षं. तेव्हाच तिला सांगितलं होतं, एक वर्ष फुकट घालवतेस. मी तेव्हा सातवीत होतो, पण दृष्टी होती.
आता फक्त अंतिम पाठ उरलाय. तोही ताईच्याच शाळेत, तिच्याच तिसरीच्या वर्गावर. डाव्या हातचा मळ.
संकल्प: रोज आरशासमोर तासभर सराव.

५ जानेवारी
सराव नाही. आरसा बाथरूममध्ये, बाथरूममध्ये बाबा.
पाठाचं टाचण मात्र सुरू. विषय भागाकार. डाव्या रकान्यात शिक्षक काय बोलतील, उजव्यात विद्यार्थी काय उत्तर देतील. उजवा आधी भरला. विद्यार्थी फार हुशार निघाले.

९ जानेवारी
टाचण चौदा पानी, तीन रंगांत. ताई म्हणाली, छान झालंय, पण प्रश्न विचारलास की जरा थांबत जा. मत्सर. पाच वर्षं घालवलेल्या माणसाला होतोच.

१४ जानेवारी, दुपार
ताईच्याच वर्गावर सराव पाठ. सतरा पेन्सिली, पाच मुलं, प्रत्येकाला किती? वर्ग गप्प. वेळ जाऊ नये म्हणून मीच सांगितलं. असे अकरा प्रश्न. पाठ नऊ मिनिटं आधी संपला. वेगात आपला हात कोण धरणार?
दुसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांवालीने विचारलं, उरलेल्या दोन पेन्सिली कुणाच्या? हे टाचणात नव्हतं. शेवटी सांगतो म्हणालो. शेवटी मी डबा खायला गेलो.
कॉलेजच्या निरीक्षक मॅडमचा शेरा: शिक्षक स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर देतात. स्वावलंबन त्यांनाही भावलेलं दिसतंय.

२१ जानेवारी, सकाळी ७
आज अंतिम पाठ. नवा शर्ट. पदवीच्या फ्रेमसाठी भिंतीचं माप घेतलं.

दुपारी २
नापास. टाचण उत्कृष्ट, पाठ पुन्हा, पुढच्या वर्षी. शर्ट काखेत घट्ट होता, हेही एक कारण.
म्हणजे पाच वर्षं. ताईने नुसता चहा पुढे केला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतंय.

२२ जानेवारी
पेन्सिली परत आणायला शाळेत गेलो. ताई भागाकारच शिकवत होती, माझ्याच टाचणावरून. शेवटच्या बाकावर बसलो.
तिने प्रश्न विचारला आणि नुसती उभी राहिली. इतका वेळ, की मी तोंडावर हात दाबून धरला. मग एक हात वर आला, मग सहा. माझ्या उजव्या रकान्यातली उत्तरं, जवळजवळ जशीच्या तशी.
दोन वेण्यांवालीने पुन्हा तेच विचारलं. उरलेल्या दोन कुणाच्या? ताईने तो प्रश्न वर्गालाच विचारला, आणि परत थांबली.
टाचणात उत्तर नव्हतं. मी पहिल्यांदाच विचार केला. सापडलं. हात वर केला.
ताईने दुसऱ्याला विचारलं.