सिद्धेशचा धंदा

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या विभागाचे पोलीस ठाणे,
कांदिवली (पूर्व), मुंबई.

विषय : मयत मुलाच्या कागदावरील ‘धंदा – बेकार’ हे शब्द बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : दि. १२ जूनचा माझा स्वतःचा जबाब.

महोदय,

मी सोनूबाई काशीराम घाडीगावकर, वय ६८, शिक्षण चौथी. माझा मुलगा सिद्धेश, वय ३४, छातीत कळ येऊन गेला. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं, म्हणून हवालदार विद्याधर साहेब जबाब घ्यायला आले. त्यांनी विचारलं, मुलाचा धंदा काय? मी म्हटलं, “कसला धंदा? बेकार होता. दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर.” साहेबांनी लिहिलं, मी सही केली. त्यांची चूक नाही. जीभ माझी.

सदर जबाब खोटा आहे. खुलासा येणेप्रमाणे.

सिद्धेश सुडोकू बनवायचा. पेपरात येतात ती नव्हेत, इंटरनेटवरची. नऊ ओळी, नऊ रकाने, पण घरं झाकलेली. सुरुवातीला मधली तेवढी दिसतात. तिथे आकडा बरोबर बसला की शेजारची उघडतात, मग त्यांच्या शेजारची. एकेक कोडं रचायला पंधरा-पंधरा दिवस जात, कारण एक घर चुकीच्या वेळी उघडलं की सगळ्याची वाट लागते. हे मला कसं माहीत? कोडं जगाला देण्याआधी तो माझ्यापुढे ठेवायचा. “आई, तू अडशील तिथे माझी चूक.” मी तांदूळ निवडता निवडता सोडवायचे आणि वर बोलायचे, “मेल्या, शेजारचा भीमराज बँकेत लागला, तू बस घरं उघडत.” तो हसायचा, आणि मी अडले ते घर बदलायचा. सहा वर्षं.

म्हणजे त्याच्या कामाची साक्षीदार मीच. आणि साक्ष दिली ती अशी.

तेराव्यानंतर माझी मुलगी अक्षता हिने ती कोडी काढून दाखवली. एकशे बारा आहेत. प्रत्येकाखाली लिहिलंय, ‘तपासणारी : आई’. कुठकुठल्या देशांतली माणसं तिथे विचारतात, नवीन कधी? त्यांना अजून कळलेलं नाही. काय कळवू, बेकार होता?

ठाण्यात दोनदा आले. सांगण्यात आलं की आजी, प्रकरण बंद झालं, आता धंद्याने काय फरक पडतो, गेलेला माणूस परत येतो का? नाही येत. ते मला कोणी शिकवायला नको. पण सरकारी कागदावर माझा मुलगा रिकामा बसून मेला असं कायम राहणार, आणि ते सांगणारी कोण, तर त्याची आई.

जुना शब्द खोडता येत नसेल, तर खोट्या जबाबाचा गुन्हा माझ्यावर नोंदवावा. मला कबूल आहे. पण आधी नवा जबाब घ्यावा. सोमवारी सकाळी अकरा वाजता येऊन बाकड्यावर बसते. कोणीही चालेल, कालच लागलेला शिपाई असला तरी. त्याने मला एकदा परत विचारावं, की बाई, तुमचा मुलगा काय करायचा? मी नीट सांगेन.

आपली नम्र अर्जदार,
(सही) सोनूबाई काशीराम घाडीगावकर
सिद्धेशची आई
आकुर्ली रोड, कांदिवली (पूर्व)
दि. १८ जुलै २०२५