मिरचीची ऊब

३ जानेवारी, शनिवार
करुणा पुण्याला जाऊन सहा दिवस झाले आणि तिच्या कोळ्याने खाणं सोडलं! भिंतीवरचा कोळी नव्हे – तळहाताएवढा, केसाळ, लाल गुडघ्यांचा, परदेशी जातीचा. नाव मिरची. मुक्काम काचेच्या पेटीत. पोरगी ट्रेनिंगला गेली, वीस तारखेला येणार, तोवर हे ध्यान माझ्या गळ्यात! जाताना म्हणाली, "पप्पा, तुम्ही वायरमन. थंडीत तिला ऊब द्या, बस्स." आज सकाळी आमच्या सिडकोत नऊ अंश. मिरची कोपऱ्यात गोळा होऊन बसलीय. खायला सोडलेलं झुरळ समोरून फिरतंय, ही बघतसुद्धा नाही.

४ जानेवारी
करुणाने ऊब द्यायची विजेची पट्टी ठेवलीय, सोबत चिठ्ठी – 'बाजूच्या काचेला लावा, खाली नको.' का ते लिहिलं नाही. छत्तीस वर्षं वायरिंग केलं मी. ऊब खालून वर जाते, एवढं कळतं मला! पेटीखाली सरकवली. संध्या म्हणाली, "पोरगी लिहून गेली ना? तुमचं सदा आपलंच खरं!" बायकोला वायरिंगमधलं काय कळतं.

५ जानेवारी
खाल्लं नाही. दिवसभर माती उकरतेय.

६ जानेवारी, मंगळवार
सकाळी चमच्याने माती बाजूला करून तळाला बोट लावलं – चटका! पट्टी ओढून काढली. करुणाला फोन केला, सहज विचारल्यासारखं. "खाली लावली तर काय होतं गं?"
"पप्पा, उकडलं की ती खाली खणते. खाली गार असतं, एवढंच तिला ठाऊक. मग ती पट्टीवरच जाऊन भाजते. तुम्ही खाली नाय ना लावली?"
"नाय गं."
पोरीशी खोटं बोललो. जेवण गेलं नाही.

७ जानेवारी
पैठणगेटवरून थर्मोस्टॅट आणला, अंडी उबवायच्या पेटीला लावतात तो. दुकानदार म्हणतो, "चाचा, कित्ते अंडे रखे?" म्हटलं, एकच आहे, आठ पायांचं! पट्टी आता बाजूच्या काचेला, अर्ध्याच भागात. दुसरी बाजू गार, तिला हवं तिकडं जाऊ दे. सेन्सर पट्टीलगत घट्ट चिकटवला. सत्तावीस अंशांवर पट्टी आपोआप बंद होते. तीनदा बंद होताना पाहिलं तेव्हा उठलो.

९ जानेवारी
लाईट दोन तास नव्हती. पेटीला गोधडी गुंडाळली, वरची जाळी उघडी ठेवून.

१२ जानेवारी, सोमवार
मिरची उताणी पडलीय. पाय वर. हलत नाही.

मीच मारली. आतून भाजली असणार, आठवडाभर सोसलं बिचारीने. संध्याने लांबूनच पाहिलं, "गेली वाटतं," म्हणाली आणि चहा करायला गेली. मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. मी रडलो, लपवत नाही. पुरायला खुरपं काढलं. मग वाटलं, निदान पोरीला सांगून तरी पुरावं. फोटो पाठवला. लगेच फोन – "पप्पा, हात लावू नका! कात टाकतेय ती! म्हणून तर खात नव्हती!"

तेव्हा सगळं सांगून टाकलं. पट्टी, चटका, खोटं. ती म्हणाली, "पेटी हलवू नका. बसा तिच्याजवळ." सहा तास बसलो. थर्मोस्टॅटचा काटा सत्तावीसच्या वर जाऊ दिला नाही.

१३ जानेवारी
पेटीत दोन मिरच्या! एक पोकळ, एक ओली, नवी कोरी. आठही पाय शाबूत – चारदा मोजले.

१६ जानेवारी
करुणाने सांगितलं तशी कात भिजवून पसरली. नर की मादी ते पोटाच्या आतल्या बाजूने कळतं म्हणे. फोटो पाठवले.

१८ जानेवारी, रविवार
मादी आहे. वीस वर्षं सहज जगेल, करुणा म्हणाली. मग म्हणाली, "पप्पा, मला इथंच कायम केलंय. खोलीची मालकीणबाई कोळी ठेवू देत नाही. तुमच्याकडंच राहू द्या तिला."
राहू दे म्हणालो. मला परवा एकसष्ट पूर्ण होतील.