पाच शिट्ट्या

३ जून

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या बायकोचं पत्र काल आलं. माहेरी तिच्या आईच्या मोडलेल्या पायाची उस्तवार करता करता तिने मला चार ओळी लिहिल्या आणि माझी मान खाली गेली. माझ्या कृतीने तू केलेला राजमा खाऊन तुझ्या लेकीला दिवसभर उलट्या झाल्या, डॉक्टर म्हणाले दाणे कच्चे होते. तू बायकोला कळवलंस म्हणे, की ताईने पाचच शिट्ट्या लिहिल्या, त्या कमी पडल्या.

वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात रांधते आहे रे मी. रात्रभर भिजवायचा, पाच शिट्ट्या, मग कांदा-टोमॅटो परतून त्यात घालायचा. कधी चुकलं नव्हतं. आता हातच कचरतो. वसतिगृहाच्या बाईंना आपणहून म्हटलं, राजमा-चवळी माझ्यावर सोपवू नका. त्यांनी मला भाजी चिरायला बसवलंय. लेक कशी आहे ते लगेच कळव.

राग धर, पण माया तोडू नकोस.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेक बरी आहे, शाळेत जाते. तुझं पत्र तीनदा वाचलं. तू चिरायला बसलीस हे वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझी कृती बरोबर होती. चूक माझी, आणि खोटंही मीच बोललो.

मला शिट्टी ऐकू येत नाही. पंधरा वर्षं छापखान्यात यंत्राला चिकटून उभा आहे, त्यात कान गेले. फोन बिघडलाय, पत्रच लिही, असं तुला सांगत आलो ते त्यामुळेच. मालकांना कळलं तर यंत्रावरून काढतील, म्हणून बायकोलाही बोललो नाही. शिट्ट्या मी वाफ बघून मोजतो. त्या दिवशी कुकर मधूनमधून नुसताच फुसफुसत होता. मी प्रत्येक फुसफुस शिट्टी धरली आणि पाच झाल्यावर गॅस बंद केला. दाणा करकरीत लागला म्हणून मी दोन घासांत उठलो. लेकीने मात्र वाटीभर खाल्लं. डॉक्टरांपुढे तोंडाला आलं ते तुझं नाव.

लोभ होता तेवढाच ठेव, वाढव म्हणायला मला तोंड नाही.
तुझा धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी तुझे कान उपटावेसे वाटले. मग आठवलं, तू कानाडोळा करतोस, शिष्ट झालास, असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले आहे. तेव्हा लाजेचा अर्धा वाटा माझा. बाईंना म्हटलं, माझी उगाच भीती होती. कालपासून पुन्हा शेगडीपाशी आहे.

आता नीट वाच. वाफ जोरात सुटली की आच बारीक करायची आणि घड्याळात पंचवीस मिनिटं मोजायची. कुकर थंड झाल्यावर दाणा दोन बोटांत दाबायचा. सहज चिरडला नाही, तर पुन्हा शिजवायचा. ही कृती बहिऱ्यालाही जमते आणि मुक्यालाही. पण राजमा करण्याआधी लेकीला खरं सांग. तिने तुझ्या हातचं खायचं आहे.

माया आहे, म्हणूनच दटावते.
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल राजमा मऊ शिजला. त्याआधी लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला ऐकू येत नाही हे तिला कधीचंच ठाऊक आहे. त्या दिवशी शिट्टी एकच झाली होती, हेही तिने ऐकलं होतं. मी पाच म्हणालो म्हणून गुपचूप खाल्लं, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर तिनेही पाचच सांगितल्या.

मला वर बघवेना. मग तिने विचारलं, आता चारचौघांत माझ्याशी मोठ्याने बोललं तर चालेल का.

तुझ्या पाया पडतो.
धाकटा