सच्छिद्र हाड, ३१ मार्चपर्यंत

६ मार्च २०११, रविवार
संकल्प: ३१ मार्चच्या आत हाड तयार. म्हणजे मोडलेल्या हाडाच्या फटीत बसवायचा भोकाभोकांचा तुकडा. भोकांतून रक्तवाहिन्या शिरतात, नवं हाड भरून येतं. ३१ लाच पीएचडीचं रजिस्ट्रेशन संपतंय. आठ वर्षं गेली. दोष कॉलेजचा.

९ मार्च
खुब्यांच्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांच्या, कवचांची पूड अधिक पॉलिमर. तुकडा ठोकळ्यासारखा, एक भोक नाही. देवकी तव्यावर तांदळाचे पोळे घालत होती. म्हणाली, "माझ्या पोळ्याक तुमच्या हाडापरस बरी जाळी आसा." नवऱ्याशी बोलायची ही रीत? रागाने जेवलो नाही. (चार पोळे खाल्ले, ते जेवणात धरत नाही.)

१४ मार्च
नवी युक्ती. मिश्रणात आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ घालायचं. तुकडा घट्ट झाला की पाण्यात ठेवायचा. मीठ विरघळतं, भोकं उरतात. लॅबमधल्या सगुणकडे डिस्टिल्ड वॉटर मागितलं. म्हणे, "सर, एक बाटली मेळटली. बाकीचें परीक्षेक जाय." हलकट! गेलं उडत. घरी विहीर आहे.

१५ मार्च
देवकी म्हणते, विहिरीत खाणीची माती उतरलीय, पाणी लाल आहे, निदान गाळून घ्या. सायन्समधलं हिला काय कळतं!

१९ मार्च, सकाळी ६
झालं!! भोकं पडली, आणि भोकाभोकांत लाल! तुकडा लोह ओढतोय. लोह ओढतो तो रक्त ओढणारच. गाईड केणी मॅडमना तुकडे पाठवले. स्टाफरूममध्ये जाहीर केलं. सगळ्यांनी पेपर तपासायला घेतले. जळतात.

२८ मार्च
मॅडमचा फोन. लाल ते खनिज. भोकं मातीने बुजलीत, पेशी जगणार नाहीत, हाड म्हणून बाद. फोन आपटला. बाईंना दृष्टीच नाही.

३१ मार्च, गुरुवार
मुदतवाढीचा अर्ज लिहीत होतो. मागच्या दारी गलका. बघतो तर देवकीने माझे उरलेले तुकडे भोकाच्या मडक्यात बसवलेत, वर विहिरीचं लाल पाणी, खाली नितळ! वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, आठ बायका कळश्या भरून उभ्या. शेजारची जानकीवहिनी म्हणाली, "सर, बरी वस्तू केली तुमी." वस्तू! डोकं फिरलं. ओरडलो, ती वस्तू नाही, हाड आहे हाड!
जानकीवहिनीचा हात तोंडावर गेला. "हाड? आनी आयज बिरेस्तार!" वाड्यावर गुरुवारी मासळीसुद्धा शिजत नाही. आठही जणींनी कळश्या तिथेच अंगणात ओतल्या नि गेल्या. देवकी मडकं घासतेय.
आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं की ते हाड आहे.