बाळंतिणीच्या चाळीस कोंबड्या

२८ मे

नुबियाला दिवस गेलेत. तिसरा महिना सरत आला. डिसेंबरच्या दहा तारखेच्या आसपास.

निश्चय केला आणि तो मोडता येऊ नये म्हणून ही वही उघडली. या वेळी बायकोचं बाळंतपण पुरतं चाळीस दिवसांचं होणार. अंथरुणावरून उठायचं नाही, थंड पाण्यात हात नाही, कानात कापूस, आणि रोज एक गावठी कोंबडी. चाळीस दिवस, चाळीस कोंबड्या. सगळ्या मी स्वतः वाढवणार.

थोरलीच्या, यिसेलच्या वेळी (आठ वर्षं झाली) माझ्याच्यानं बारा जमल्या. बाराव्या दिवशी कोंबड्या संपल्या आणि त्याच दुपारी नुबिया उठून टाकीवर कपडे धुवायला बसली. थंडगार पाण्यात. मी त्या दिवशी घरात नव्हतो. ऑफिसच्या चित्ररथाला केळीचे खांब बांधायचे होते आणि ते काम दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. तेव्हापासून तिचं डोकं दुखलं, कंबर धरली, काही झालं की ती फक्त म्हणते, बारावा दिवस. भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

३ जून

पिल्लं आणली. चव्वेचाळीस. चार जास्तीची, रिस्क नको म्हणून. उबवणीवाल्या माणसानं एका वाक्यात सौदा केला. विचारलं, खाण्यासाठीच ना? म्हटलं, अर्थात खाण्यासाठीच. लगेच खोकं भरून दिलं, तेही जवळजवळ फुकट. मला ओळखलं असणार. कृषी कार्यालयात अकरा वर्षं आहे, 'घरगुती कुक्कुटपालन : बारा सोप्या पायऱ्या' हे पत्रक मीच लिहिलंय. (चौथं पान छपाईच्या वेळी कागद वाचवण्यासाठी मीच गाळलं. त्यात नर-मादी ओळखायचं होतं, ते शेतकऱ्यांना माहीतच असतं.)

सासूबाई खोक्यात वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही कोंबडी कधी पाळली होतीत का? म्हटलं, आई, मी पाळायला शिकवतो. त्या म्हणाल्या, हं.

१९ जून

परसात खुराडं बांधलं. दोन रविवार गेले. शेजारचा जीपवाला फाब्रिसियानो म्हणाला, दार उलटं बसवलंस. आतून बाहेर उघडतं की बाहेरून आत, याने कोंबडीला काय फरक पडतो?

नुबियाला उलट्या. हाक मारत होती. शेवटचा खिळा ठोकून गेलो तोवर यिसेलनं बादली धुतली होती. पोरगी हुशार आहे.

८ जुलै

दोन पिल्लं गेली. उरली बेचाळीस. तब्येती उत्तम. एकच किरकिरं आहे, अंगानं लहान, पाय काडीसारखे. यिसेलनं त्याचं नाव बारकी ठेवलं. खायच्या प्राण्याला नाव ठेवू नये, असं तिला समजावलं. ती म्हणाली, मग खाऊ नका.

सासूबाई हल्ली रोज दुपारी मक्याची पिशवी घेऊन गल्लीतल्या ओतिलियाबाईंकडे जातात. गप्पा मारायला मका कशाला लागतो, कळत नाही. म्हातारपण.

२० ऑगस्ट

तुरे! एकेकाच्या डोक्यावर लालभडक तुरा. माझ्या खाद्यमिश्रणाचा परिणाम. ऑफिसच्या आर्किमेदेस साहेबांना मुद्दाम घरी आणून दाखवलं. ते एकेकाचा तुरा बघत फिरले. मग म्हणाले, एलिएसेर, पत्रकाची नवी आवृत्ती काढू नकोस. कौतुक करायची एकेकाची पद्धत असते.

बारकीला अजूनही तुरा नाही. पाण्यातून व्हिटॅमिन सुरू केलं.

नुबिया म्हणाली, संध्याकाळी जरा शेजारी बस, पोट लाथा मारतंय, हात लावून बघ. म्हटलं, खुराडं साफ करून आलोच. आलो तेव्हा पोट झोपलं होतं.

१४ सप्टेंबर, सकाळी ५

खुराड्यातून विचित्र आवाज. घोगरा, मध्येच फाटलेला. सर्दी असावी. गूळपाण्यात आलं उकळून पाजलं.

१६ सप्टेंबर

सर्दी पसरली. आता सात जणींना.

१७ सप्टेंबर

सर्दी नाही, आरवताहेत हे मान्य. बेचाळिसात सात कोंबडे निघणं साहजिक आहे. पस्तीस कोंबड्या तरी आहेतच. शेवटचे पाच दिवस बाळंतीण हिंडू-फिरू लागते, तेव्हा पस्तीसही चालतील.

२९ सप्टेंबर

दवाखान्याची नवी डॉक्टरीण म्हणते, नुबियाचं ब्लडप्रेशर जास्त आहे. मीठ बंद, पडून राहायचं, आणि पंधरा नोव्हेंबरच्या आत नेइवाला मोठ्या हॉस्पिटलजवळ जाऊन राहायचं. इथून जीपनं अडीच तास, वाटेत काही झालं तर मी जबाबदार नाही, म्हणाली. वयानं लहान आहे, घाबरवते. कागदावर पंधरा तारीख लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

कागद कॅलेंडरला टाचला. नुबियानं विचारलं, नेशील ना? म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

घरी येऊन खुराड्याजवळ उभा राहिलो.  दाणे सांडले.

११ ऑक्टोबर

पहाटे चार वाजता एकोणीस आरवले. मोजले. गल्लीतून तक्रारी. नुबियाची झोप मोडते आणि झोप मोडली की प्रेशर चढतं, म्हणून खुराड्यावर तीन घोंगड्या टाकल्या. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, जावईबापू. म्हटलं, आई, या घोंगड्या तुमच्याच आहेत. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, थंडीत मला पांघरायला एखादा कोंबडा द्या.

निश्चय : आजपासून ऑफिसातून सरळ घरी. तिच्याजवळ बसायचं. रोज एक तास.

१२ ऑक्टोबर

आज जमलं नाही. खुराड्यात दोघांची मारामारी झाली, एकाचा डोळा गेला. पट्टी बांधत होतो.

२ नोव्हेंबर

बारकीनं अंडं घातलं.

यिसेल ते ओंजळीत घेऊन नाचत आली. पपा, पपा, फक्त बारकीच घालते! मी खुराड्यात गेलो आणि एकेकाला नीट बघितलं. तुरे. शेपट्या. पायामागचे काटे. मग उंबऱ्यावर बसून राहिलो.

एक्केचाळीस कोंबडे. एक कोंबडी. आणि तिलाच मी अडीच महिने आजारी समजून औषध पाजत होतो.

कोंबड्याचा रस्सा बाळंतिणीला चालत नाही. दूध आटतं, अंगात गारठा भरतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उबवणीवाला नर पिल्लं खाण्यासाठी म्हणून वाटून टाकतो, हेही सगळ्यांना माहीत होतं. फाब्रिसियानोला जूनमध्येच कळलं होतं. विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, तू पत्रक दिलं असतंस.

नुबियाला अजून सांगितलेलं नाही. तिला त्रास नको.

३ नोव्हेंबर

नुबियाला माहीत होतं. ऑगस्टपासून. म्हणाली, रोज सकाळी तू शीळ घालत खुराड्याकडे जायचास, कसं सांगणार? म्हटलं, मी सगळं निस्तरतो. ती म्हणाली, मला कोंबड्या नकोत रे, पंधरा तारखेला मला ने, एवढंच कर.

नेणारच आहे. पण रिकाम्या हातानं बाळंतपण सुरू करायचं म्हणजे परत तोच बारावा दिवस. तिला आता असं वाटतंय, नंतर आयुष्यभर तीच म्हणेल. मला नाही ऐकवणार ते पुन्हा.

१३ नोव्हेंबर

प्लॅन : एकोणीसला गार्सोनला मोठा बाजार. दोन कोंबडे देऊन एक कोंबडी अशी अदलाबदल. दहा तरी मिळतील. वीसला सकाळी नुबियाला घेऊन नेइवा. पंधराचे वीस झाले तर आभाळ कोसळत नाही. डॉक्टर लोक नेहमी हातचे पाच दिवस राखून सांगतात.

 नुबियानं कॅलेंडरवरचा कागद काढून उशीखाली ठेवला.

तिचे पाय सुजलेत. चपला माझ्या घालते.

१९ नोव्हेंबर, सकाळी ६

निघालो. वीस कोंबडे पोत्यांत. नुबिया जागी होती. डोकं दुखतंय, म्हणाली. कपाळावर हात ठेवला. म्हटलं, दुपारपर्यंत परत, आणि उद्या आपण निघालोच. ती म्हणाली, हो, जा.

२१ नोव्हेंबर, नेइवा, हॉस्पिटलबाहेरचा बाक

आता लिहितो.

बाजारात कोणी कोंबडे घेईना. एक बाई म्हणाली, एवढे नवरे घेऊन मी काय करू, एकच घरात जड झालाय. संध्याकाळी चारपर्यंत ओरडलो. वीसही कोंबडे देऊन पाच कोंबड्या मिळाल्या. दुपारी परतायचं होतं, पण पाच हा काही आकडा नव्हे, म्हणून थांबलो.

घरी आलो तर दार उघडं. चुलीवर पातेल्यात प्यायचं चॉकलेट गार झालेलं. फक्त यिसेल, ओतिलियाबाईंच्या मांडीवर. आई म्हणाली तिला सगळं चमकतंय, डोळ्यांपुढे काजवे, मग आजीनं फाब्रिसियानोकाकाला हाका मारल्या, मग आई जीपमध्ये आडवी झाली. पोरीनं हे शाळेत कविता म्हणावी तसं एका दमात सांगितलं. रडली नाही. मी रडलो.

मिळेल त्या ट्रकनं नेइवा गाठलं. पाच कोंबड्या हातातच राहिल्या होत्या. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, दादा, कोंबड्या बाहेर. मी त्याच्यापुढे बाराव्या दिवसाबद्दल बरंच काही बोललो म्हणे. शेवटी त्यानंच त्या धरल्या.

मुलगा. पोट फाडून काढला. दोन किलो शंभर. नुबिया दोन दिवस वेगळ्या खोलीत होती, नळ्या लावून. आज दुपारी डोळे नीट उघडले. डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर, एवढं म्हणून दुसऱ्या खाटेकडे वळला. ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. पंधरा तारखेला आणलं असतं तर हे काहीच झालं नसतं. ते त्यानं म्हटलं नाही, मीच लिहितो.

मी आत गेलो. नुबियानं विचारलं, किती मिळाल्या? म्हटलं, पाच. ती हसायला गेली आणि टाके दुखले.

२५ नोव्हेंबर, घरी

परवा आलो. आज सातवा दिवस. माझी तिसरी कोंबडी.

सासूबाईंना हळूच म्हटलं, परवा माझ्या संपतील, काहीतरी बघतो. त्या म्हणाल्या, चला. ओतिलियाबाईंच्या परसात नेलं. बांबूचं कुंपण, दार नीट बाहेर उघडणारं. आत कोंबड्या. गुबगुबीत, गावठी, शांतपणे माती उकरणाऱ्या. मोजल्या. अठ्ठावीस.

म्हटलं, आई, हे कधीपासून? म्हणाल्या, तुम्ही खोकं आणलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. विचारलं, पण अठ्ठावीसच का, चाळीस का नाहीत? त्या म्हणाल्या, बारा तुमच्या धरल्या होत्या. गेल्या खेपेला बारा केल्या होत्यात ना, तेवढं जमतं तुम्हाला, असं वाटलं.

टोमणा मारला नाही. खरंच हिशेब सांगावा तसं सांगितलं. टोमणा असता तर उत्तर दिलं असतं.

२९ नोव्हेंबर

सासूबाईंच्या कोंबड्या कालपासून सुरू. बाळाला दूध भरपूर. मला कोंबडा. एकवीस उरलेत, कोणीतरी संपवायला हवेत. चिवट आहेत. चावता चावता विचार करायला वेळ मिळतो.

निश्चय : माझ्या वाट्याच्या सात कोंबड्या अजून कमी पडताहेत. चाळिसावा दिवस अठ्ठावीस डिसेंबरला. महिना आहे. सहज जमेल. सोमवारी बघतो.

३० नोव्हेंबर

बारावा दिवस.

ऑफिसला गेलो नाही. साहेबांना सांगितलं, आज घरातच असणार. सकाळपासून नुबियाच्या उशाशी बसलो. काही खास बोललो नाही. तिनं कानातला कापूस एकदा काढला, म्हणाली, तू काही म्हणालास का? नाही म्हटलं. बाळाची पाठ माझ्या हातावर होती, तळव्याएवढी. एक्केचाळीस कोंबडे वाढवताना मी पाच महिने काय करत होतो, ते मला आठवेना.

जेवल्यावर खुर्चीतच डोळा लागला. जाग आली ती टाकीवरच्या पाण्याच्या आवाजानं. कोणीतरी कपडे धूत होतं.

अनवाणी धावलो. नुबिया, उठू नकोस, असं ओरडतच धावलो. वाटेत लक्षात आलं नाही की ती माझ्या शेजारीच झोपली होती.

टाकीवर यिसेल. स्टुलावर चढून, कोपरांपर्यंत फेस, लंगोट्यांचा ढीग बाजूला. ओठ निळे पडले होते. म्हटलं, हे काय, कोणी सांगितलं तुला? ती म्हणाली, कोणी नाही. आज बारावा दिवस आहे ना. आईनं उठायला नको म्हणून.

म्हटलं, मी होतो ना घरात. ती म्हणाली, हो, पपा. अगदी प्रेमानं म्हणाली.

तिला स्टुलावरून उतरवलं, हात पुसले, चुलीजवळ बसवलं. उरलेले कपडे मी धुतले. साबण कुठे ठेवतात, ते तिलाच विचारावं लागलं.