सुजलेल्या गुडघ्यावरचा विजय

प्रिय ताई,

तुझ्या तापट भावाचा नमस्कार. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

आज मात्र माझं डोकं फिरलंय. आमच्या मुख्य बचावपटूचा गुडघा टम्म सुजला होता. सामन्याआधी क्लबचा मालक आत आला आणि डॉक्टरांना म्हणाला, "इंजेक्शन द्या, खेळेल तो."

मी म्हटलं, "प्रशिक्षक मी आहे. तो खेळणार नाही."

"तूही बचावपटूच होतास ना? खेळायचास की असाच."

"खेळायचो. म्हणूनच आता कठडा धरल्याशिवाय जिना उतरता येत नाही."

त्यानं मला सगळ्यांसमोर काढून टाकलं. माझा सहायक मान खाली घालून संघ घेऊन गेला. आम्ही जिंकलो. लोक नाचत होते आणि इंजेक्शन घेऊन खेळलेल्या त्या बचावपटूला पाय टेकवेना म्हणून दोघांनी उचलून बाहेर आणलं. मला बघून तो हसला. "सर, उगाच घाबरलात."

एक कानाखाली द्यावीशी वाटली, ताई. उद्या मीच त्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. नोकरी गेली तर गेली.

बाबांना एवढंच सांग, आम्ही जिंकलो.

तुझा,
धाकटा